सासरे शर्यतीला आले

मेकॅनिकने सायकलची दोन सुटी चाकं सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली, बाहेरून दार लावलं आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूने आत येऊन बसला.

"मी 'मागचं' म्हणून ओरडलो, की हे द्यायचं. दातेरी चकत्यांचं. 'पुढचं' म्हटलं, की ते."

"आणि काहीच ओरडला नाहीस तर?"

"तर धरून बसायचं, काका. पाहुण्याला आम्ही फुकट नेत नाही."

सासऱ्यांनी चाक अंगठ्याने दाबून पाहिलं, एक तार टिचकीने वाजवली आणि माल बरा आहे असा चेहरा केला. जन्मभर खिळे, बिजागऱ्या आणि कड्या-कोयंडे विकलेल्या माणसाच्या हातात कुठलीही वस्तू आली, की तो आधी ती परत करता येते का ते पाहतो.

पुढे गाडी चालवायला मॅडम होत्या. पूर्वी त्या स्वतः शर्यतीत उतरायच्या. आता संघ चालवत होत्या. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा आणि उरलेलं सगळं लक्ष कानातल्या यंत्रावर. गाडीच्या टपावर जादा सायकली बांधलेल्या होत्या, आणि त्यांच्या तारांमधून वारा एकसुरी शिट्टी घालत होता. हंगाम अजून सुरूही झालेला नव्हता म्हणायचा. ही पहिलीच मोठी शर्यत, एका दिवसाची. झाडांना पानं फुटायची होती, आणि त्यामुळे वाऱ्याला अडवायला कोणी नव्हतं.

खिडकीवर टकटक झाली. सासऱ्यांनी काच खाली केली, तशी बाहेरची सगळी थंडी आत आली, आणि तिच्यामागून जावयाचं डोकं.

"बसलात का नीट, बाबा?"

"बसलो. तुमची चाकं सांभाळतोय."

"काच थोडी उघडी ठेवा. म्हणजे वारा कळेल."

"कळतोय की."

"हा काहीच नाही. बंधाऱ्यावर बघा." एवढं बोलून जावई सायकल वळवून निघाला. पाठमोरा तो चांगलाच रुंद दिसत होता. संघात त्याला सगळे कपाट म्हणत. त्याच्यामागे माणूस ठेवला, की वाऱ्याला सापडत नाही. शिवाय ज्याला जे ठेवायचं ते त्याच्याकडे ठेवावं. पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात, काढलेले रेनकोट ठेवावेत, बायकोशी झालेलं भांडण ठेवावं. कपाट कधी नाही म्हणत नसे, आणि त्यातलं काही बाहेरही पडत नसे.

सासरे काही सहलीला आले नव्हते. जावयाचा करार या वर्षाअखेर संपत होता. मॅडमना तो आणखी दोन वर्षं हवा होता. सासऱ्यांना तो दुकानात हवा होता. त्यांचे गुडघे शिडी चढायला कुरकुरत होते आणि वरच्या फळीवरचा माल वर्षभर तिथेच धूळ खात होता. दोघांनीही जावयाला विचारलं होतं, आणि जावयाने दोघांनाही एकच उत्तर दिलं होतं: "बाबा एकदा शर्यत बघू देत. मग ते म्हणतील तसं." आज संध्याकाळी उत्तर द्यायचं ठरलं होतं. एवढा मान देणारा जावई मिळाला याचं सासऱ्यांना फार कौतुक होतं. मात्र इतका मान देणारा माणूस स्वतःच्या मनातलं कधी बोलत नाही, ही गोष्ट त्या कौतुकाच्या गडबडीत त्यांच्या नजरेतून सुटली होती.

उत्तर त्यांनी घरूनच आणलं होतं. 'नको' म्हणायचं. फक्त एक दिवस बघून म्हणायचं, म्हणजे तक्रारीला जागा नको.

शर्यत सुटली आणि सासऱ्यांना पहिला धक्का बसला. शर्यत दिसेना. पुढे एक गाडी, तिच्यापुढे आणखी एक गाडी, प्रत्येकीच्या टपावर सायकली.

"शर्यत कुठंय?" त्यांनी विचारलं.

"पुढं," मेकॅनिक म्हणाला.

"मग बघायचं काय?"

"बघायचं नाही, काका. ऐकायचं."

रेडिओ खरखरत होता. कोणी पडला, कोणी पुढे निघाला, कोणाला पकडलं. सासऱ्यांनी दोन्ही बाजूंची शेतं पाहिली. गाई वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. एका अंगणात वाळत घातलेली चादर आडवी होऊन फडफडत होती आणि एक बाई चिमटे तोंडात धरून तिच्याशी झटापट करत होती. यासाठी आपण दुकान बंद ठेवलं, असा विचार त्यांच्या कपाळावर वाचता येत होता.

"लग्नाआधी मी विचारलं होतं," ते मेकॅनिकला म्हणाले, "मुलगा जिंकतो का? तर म्हणे नाही, दुसऱ्याला जिंकवतो. म्हटलं, दुकान दुसऱ्याचं आणि शटर उघडायचं आपण."

मेकॅनिक हसला. मॅडमनी आरशातून मागे पाहिलं.

"काका, शटर उघडणारा नसला, तर मालक रस्त्यावर उभा असतो."

"तेही खरं. पण गल्ल्यावर मालकच बसतो ना?"

मॅडमनी त्यांना मागे एक बिस्किट दिलं. वाद संपवायची ती त्यांची पद्धत असावी.

बंधाऱ्याच्या रस्त्याला वळण्याआधी मेकॅनिकने खिशातून नट आवळायचे दोन-चार पाने काढले आणि सासऱ्यांच्या मांडीवरच्या चाकावर मांडले.

"हा रस्ता. वारा डावीकडून. पहिला गडी वारा खातो. दुसरा त्याच्या उजव्या अंगाला, जरा मागं. तिसरा त्याच्याही उजवीकडं. अशी तिरकी ओळ. रस्ता संपला, की ओळ संपली."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कडेला, एकामागं एक. त्यांना आडोसा नाही. ते गळायला लागतात."

"म्हणजे पंगतीत पान मिळालं तर जेवण," सासरे म्हणाले.

"बरोब्बर. आणि पान मांडायला आपला कपाट. राजेला तो आपल्या उजव्या हाताला घेतो आणि आत घुसवतो."

राजे म्हणजे संघाचा म्होरक्या. वयाने लहान, पायाने वेगवान, आणि इतरांनी खाल्लेल्या वाऱ्यावर मोठा झालेला. सासऱ्यांनी त्याला सकाळी पाहिलं होतं. मोजे कोणते घालावेत याचा तो चौघांना सल्ला विचारत होता.

गाडी वळली आणि वाऱ्याने तिला बाजूने धक्का दिला. मॅडमनी स्टिअरिंग घट्ट धरलं. रेडिओवर एकाच वेळी तिघे बोलायला लागले. मग खरोखरच शर्यत दिसायला लागली, पण शेपटाकडून. एकेक सायकलवाला रस्त्याच्या उजव्या कडेला, तोंड वासून, खांदे वाकडे करून, गाडीच्या दिशेने मागे येत होता. खरं तर गाडी पुढे जात होती. पण सासऱ्यांना तसं वाटेना.

"हा आमचा!" ते ओरडले.

"नाही, काका."

"मग हा?"

"हाही नाही. याची टोपीसुद्धा वेगळी आहे."

सासऱ्यांनी काच पूर्ण खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. प्रत्येक गळालेल्या पाठीकडे ते आधी धास्तीने पाहत होते आणि मग, ती आपली नाही हे कळल्यावर, दुसऱ्याच्या दुकानाला टाळं लागल्यावर शेजाऱ्याला होतो तसा थोडासा अशोभनीय आनंद त्यांना होत होता.

"पहिल्या टोळीत आपले दोघं," मॅडम म्हणाल्या. "कपाट आणि राजे. पंधराएक जण आहेत."

"मग चांगलं का वाईट?"

"फार चांगलं."

"आणि कपाटाचे पाय आज बघा," मेकॅनिक हळूच म्हणाला. "सकाळीच म्हटलं मी. हा असाच पुढं राहिला तर स्वतः पहिल्या पाचात येईल."

"पाचात? जावईबापू?"

"कधी आला नाहीये. पण आज येईल."

ज्या मालाला गिऱ्हाईक नाही म्हणून आपण सवलतीत काढायला निघालो, त्याला एकाएकी भाव आलाय, असं काहीतरी सासऱ्यांना झालं असावं. त्यांनी मांडीवरची चाकं सावरली.

आणि तेवढ्यात मॅडमच्या कानात काहीतरी वाजलं.

"राजे पंक्चर."

गाडी उसळली. वळणाच्या अलीकडे राजे एक पाय जमिनीवर टेकून उभा होता आणि हात वर करून दाखवत होता. मेकॅनिक गाडी थांबण्याआधीच उतरला.

"मागचं!"

सासऱ्यांनी दातेरी चकत्यांचं चाक खिडकीतून बाहेर दिलं. अचूक दिलं. राजे शिव्या घालत होता, वाऱ्याला, खड्याला आणि मधूनमधून चाकालाही. मेकॅनिकने त्याला पाठीवर हात ठेवून ढकललं आणि तो निघाला, पण पुढची टोळी बंधाऱ्यावर आता एक ठिपका झाली होती.

मॅडमनी रेडिओचं बटण दाबलं. "कपाट, राजेचं चाक बदललं. तो मागं आहे. एकटा आहे." बटण सोडलं.

"थांब म्हणालात त्याला?" सासऱ्यांनी पुढे झुकून विचारलं.

"नाही. राजे कुठं आहे ते सांगितलं."

"मग तो नाही थांबणार. पाचात आहे तो."

मेकॅनिकने हाताचं ग्रीस चिंधीला पुसलं, मग तीच चिंधी उलटी करून पुन्हा पुसलं.

कपाट राजेसाठी थांबला होता. उंच कठड्यापाशी, रस्त्याच्या कडेला, एक हात कमरेवर ठेवून, पाय संथ फिरवत तो चालला होता, जेवण झाल्यावर माणूस शतपावलीला निघावा तसा. चेहऱ्यावर वैताग नव्हता. शाळा अचानक अर्ध्या दिवसात सुटल्यावर असतो तसा तो चेहरा होता. मॅडमनी त्याच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. सासऱ्यांनी पाहिलंच नाही. ते संतापले होते.

"हे काय! आयत्या बिळावर नागोबा! चाक त्याचं फुटलं, थांबायचं यानं? सांगा ना त्याला, जा म्हणावं पुढं!"

"आता उशीर झाला, काका," मेकॅनिक म्हणाला.

"दुकानात असं कोणी केलं असतं तर–" पण दुकानात असं कोणी केलं असतं तर काय, हे त्यांना सुचलं नाही. दुकानात असं कोणी कधी केलं नव्हतं.

राजे आला आणि न बोलता कपाटाच्या उजव्या अंगाला, थोडा मागे, शिरला. कपाटाने डोकं खाली घातलं.

त्यानंतरचा रस्ता सासऱ्यांना आयुष्यभर पुरेल असा होता. गाडी बरोब्बर त्या दोघांच्या मागे होती. समोरच्या काचेत जावयाची पाठ भरून राहिली होती. वारा त्या पाठीला डावीकडून ढकलत होता आणि ती पाठ वाऱ्यावर रेलून, किंचित तिरकी, एकाच लयीत पुढे जात होती. तिच्या आड राजे असा सुखाने बसला होता, की त्याच्या कॉलरचं टोकसुद्धा हलत नव्हतं. एकदा राजे मागे पडला. कपाटाने वळून न पाहता वेग तेवढाच कमी केला, आणि राजे आत आल्यावर तेवढाच वाढवला.

"त्याला कसं कळलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"कळतं," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या टोळीत, वारा कोणी खायचा यावरून रुसवेफुगवे सुरू झाले होते. ठिपका मोठा व्हायला लागला. सासऱ्यांनी आता मांडीवर उरलेलं चाक मेकॅनिकच्या मांडीवर टाकलं आणि अर्धं अंग खिडकीतून बाहेर काढलं.

"दाबा! जावईबापू, दाबा! आलंच! समोरच आहे!"

"काका, आत या. पडाल."

"दाबा म्हणतो ना!" हे त्यांनी कोणाला म्हटलं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

राजे टोळीच्या शेपटाला लागला, तसा कपाट बाजूला झाला. पायांतली ताकद संपली होती. तो वाऱ्यावर सोडल्यासारखा मागे मागे येत गाडीच्या खिडकीपाशी आला आणि हात पुढे केला. मेकॅनिकने सासऱ्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

"द्या. पण लगेच सोडू नका, काका. थोडं धरून ठेवायचं. तेवढाच गाडीचा ओढा मिळतो त्याला. पंचांना दिसेपर्यंत चालतं."

सासऱ्यांनी बाटलीचं बूड धरलं. जावयाने तोंड धरलं. गाडी त्याला ओढत निघाली. इतक्या जवळून जावयाचा चेहरा त्यांनी लग्नातही पाहिला नव्हता. भुवयांवर चिखल, ओठांच्या कडांना मीठ.

"बघितलंत ना, बाबा?"

"बघतोय."

"हे असं असतं. दर वेळी. थंडी, वारा, आणि शेवटी आपला कितवा नंबर आला, कोणी विचारत नाही."

"नाही विचारत," सासरे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. खिडकीत एवढा वारा होता, की जावयाने त्याचा दुसरा काही अर्थ लावला नाही.

"मग?"

"संध्याकाळी सांगतो. आधी पाणी प्या."

मागून पंचांच्या मोटरसायकलचा भोंगा वाजला.

"सोडा आता," मेकॅनिक म्हणाला.

"प्यायला कुठंय अजून तो!"

"काका, दंड मला होईल," मॅडम म्हणाल्या, आणि सासऱ्यांनी बोटं एकेक करून सोडली.

राजे दुसरा आला. संघासाठी ही दिवाळीच होती. मागच्या सबंध हंगामात पहिल्या तिनात त्यांचं कोणी नव्हतं. लोक राजेला मिठ्या मारत होते, राजे सगळ्यांना मिठ्या मारत होता. कपाट बक्षीस समारंभ संपत आल्यावर पोचला, संघाच्या बसच्या पायरीवर बसला आणि बुटांचे बंद सोडवायला लागला. राजे गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने वाकून कपाटाचं डोकं दोन्ही हातांनी धरून हलवलं. मग गर्दी त्याला परत घेऊन गेली. बरं वाटण्यासारखी संध्याकाळ होती. ऊनसुद्धा पडलं होतं, तिरपं आणि बिनकामाचं.

मॅडम आल्या. सासरे आधीच तिथे उभे होते, टोपी हातात घेऊन.

"बोला, काका," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यावर सोपवलंय त्यानं."

सासऱ्यांनी घसा साफ केला. "मी सकाळी आलो तो नको म्हणायला आलो होतो. खोटं कशाला बोलू. पण माणसानं डोळ्यांनी बघितलेलं मानावं." ते जावयाकडे वळले. "जावईबापू, दोन वर्षं काय, तीन म्हणा! दुकान कुठं पळून जात नाही. गुडघ्यांचं मी बघतो. शिडीला कठडा लावून घेतो."

मेकॅनिकने टाळी वाजवली. कपाट मात्र बुटाची गाठ सोडवत होता. गाठ केव्हाच सुटली होती. तो नुसता बंदाचं टोक बोटाला गुंडाळत होता.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं. "आनंद नाही झाला?"

"पुढच्या महिन्यात एक शर्यत आहे, बाबा. समुद्राकाठी. उन्हाची असते, सपाट रस्ता, लोक टोप्या उडवतात. तिकडं बोलावता आलं असतं तुम्हाला."

"मग?"

"मी या शर्यतीला बोलावलं."

सासरे त्याच्याकडे पाहत राहिले. गिऱ्हाईक बिजागरी हातात घेऊन उगाच भाव विचारत राहतं तेव्हा त्याला खरं तर कुलूप हवं असतं, हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

"अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तोंडानं सांगायचं होतंत."

"सांगवत नव्हतं. तुम्ही नको म्हणाल, आणि होऊन जाईल, असं वाटलं."

"म्हणजे एवढ्या वाऱ्यात मला बसवलंत ते–"

"चुकलं माझं."

"चुकलं बिकलं नाही. आता मी काही म्हणणार नाही. माझं म्हणून झालं." ते दोन पावलं बाजूला सरले. बसच्या पायरीवर कपाट आणि समोर मॅडम, मध्ये कोणी नाही.

कपाट उभा राहिला. एक पाय बुटात, एक मोज्यात.

"मॅडम, मी या वर्षाअखेर थांबतो," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला, म्हणून त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि या वेळी ते पुरेसं मोठं निघालं. "राजेला मी स्वतः सांगेन."

मॅडमनी मान हलवली. "आज बंधाऱ्यावर वाटलंच मला." मग त्यांनी हात पुढे केला, आणि कपाटाने तो धरला, आणि बराच वेळ कोणी सोडला नाही. "वर्षभर तरी वारा खाशील ना माझ्यासाठी?"

"वर्षभर खातो की."

सासऱ्यांची दुकानाचा माल वाहायची छोटी गाडी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. आत बसल्यावर कपाटाने सीट मागे केली आणि पाय लांब सोडले. घरून बायकोने डब्यात सफरचंदं दिली होती. सासऱ्यांनी किल्ली घातली, पण फिरवली नाही.

"रागावलात, बाबा?"

"रागावलो नाही. हिशोब घालतोय."

"कसला?"

"पुढच्या वर्षी तुम्ही गल्ल्यावर."

"हो."

"वरच्या फळ्या तुम्ही. सोडवणूक झाली माझी. म्हणजे रविवारी मला काही काम नाही."

"आराम करा."

"करतो की. कोण नाही म्हणतंय." त्यांनी आरसा उगाच हलवून नीट केला. आरशात मैदानापलीकडे मॅडमची गाडी दिसत होती. मेकॅनिक टपावरच्या सायकली उतरवत होता. "त्यांच्या मागच्या सीटवर दर वेळी कोणी पाहुणा असतोच का?"

कपाटाने सफरचंदाचा घास घ्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"नसतो, बाबा. बहुतेक रिकामीच असते."

"असं." त्यांनी किल्ली काढून पुन्हा घातली. "तुम्ही विचारता का त्यांना? तुमचं ऐकतील."

कपाट हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग सगळी गाडी.

"ते तुमचं तुम्हीच विचारा, बाबा."

सासऱ्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं, मग रस्त्याकडे, मग दार उघडलं. वाऱ्याने दार त्यांच्या हातातून ओढून घेतलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी परत लावलं आणि कोटाचं टोक धरून, टोपी दाबून, वाकून चालायला लागले. मोकळ्या मैदानात ते फार बारीक दिसत होते. उतरावं आणि त्यांच्या डाव्या अंगाने चालावं, असं कपाटाच्या पायांना वाटलं. त्याने पायांना समजावलं. मग काच वर घेतली, सीट आणखी एक खाच मागे केली आणि सफरचंद खात, सासरे पलीकडे कसे पोचतात ते पाहत बसला.